पहिल्या पिकोसेकंदात तापमान नसतं

‘लेसर पडल्यावर ग्राफाइटच्या जालाचं तापमान इतक्या पिकोसेकंदांत इतक्या केल्विननं चढलं’ अशी वाक्यं मी बरीच वर्षं लिहिली. दुसऱ्यांच्या निबंधांत वाचली तरी ती खटकायची नाहीत. आता मी तसं लिहीत नाही, आणि परीक्षणासाठी आलेल्या निबंधात तसं दिसलं की समासात प्रश्न लिहितो. प्रकाशाची पल्स आदळल्यानंतरच्या पहिल्या काही पिकोसेकंदांत थरांच्या स्फटिकाला एक तापमान असतं, हेच मला आता मान्य नाही. आधीच्या मतामागे माझी कारणं होती, ती भक्कम होती, आणि त्यातली एक-दोन आजही माझ्याबरोबर आहेत. म्हणून सगळं नीट सांगतो.

आधी काम काय ते. ग्राफाइट, टंगस्टन डायसेलेनाइड, टायटॅनियम डायसेलेनाइड, ब्लॅक फॉस्फरस हे सगळे थरांचे स्फटिक. थराच्या आत अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, थराथरांतली ओढ मात्र क्षीण. ग्राफाइटमध्ये थरातल्या दोन शेजारी कार्बन अणूंमधलं अंतर १.४२ अँगस्ट्रॉम आहे आणि दोन थरांमधलं ३.३५. म्हणूनच चिकटपट्टीनं त्याचे पापुद्रे सोलता येतात. दहा-वीस नॅनोमीटरपासून शंभरेक नॅनोमीटरपर्यंत जाडीचा एक पापुद्रा तांब्याच्या बारीक ग्रिडवर घ्यायचा, निर्वात पेटीत ठेवायचा आणि त्याच्यावर काही दशक फेम्टोसेकंदांची लेसरची पल्स टाकायची. ही पंप. तिच्या मागोमाग, आपण ठरवू तितक्या उशिरानं, इलेक्ट्रॉनांचा एक पुंजका पापुद्र्यातून आरपार सोडायचा. हा प्रोब. ९० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा असलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगानं जातो आणि त्याची तरंगलांबी ४ पिकोमीटरच्या जवळपास असते, म्हणजे दोन कार्बन अणूंमधल्या अंतराच्या पस्तिसाव्या हिश्शाइतकी. पापुद्र्यामागच्या डिटेक्टरवर षटकोनी मांडणीत ठिपके उमटतात, त्यांना ब्रॅग ठिपके म्हणतात.

उशीर ठरवायची रीत मला पहिल्या दिवसापासून आवडते. लेसरच्या वाटेवर दोन आरसे एका सरकत्या स्टेजवर बसवलेले असतात. प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो. स्टेज १५ मायक्रॉन मागे घेतली की प्रकाशाला जाता-येता मिळून ३० मायक्रॉन जास्त चालावं लागतं, आणि १०० फेम्टोसेकंदांचा फरक पडतो. सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात काय घडलं ते बघायला वेळ मोजावा लागत नाही, स्क्रू फिरवून लांबी मोजली की भागतं. इलेक्ट्रॉनांचा त्रास मात्र वेगळा. ते एकमेकांना ढकलतात, वाटेत पुंजका लांबतो, आणि लांबलेल्या पुंजक्याला जलद गोष्टी दिसत नाहीत. त्यासाठी रेडिओ लहरींच्या पोकळीतून नेऊन पुंजक्याच्या पुढच्या इलेक्ट्रॉनांना किंचित अडवायचं आणि मागच्यांना किंचित ढकलायचं, म्हणजे पापुद्र्यापाशी तो पुन्हा आखूड होतो. हे जमू लागल्यावर ही शाखा खऱ्या अर्थानं पुढे गेली.

आता ठिपके काय सांगतात? अणू जागच्या जागी थरथरू लागले की ठिपके फिके होतात. हे गणित पीटर डिबाय यांनी १९१३ मध्ये मांडलं आणि ईवार वॉलर यांनी १९२३ मध्ये नीट केलं. फिकेपणा मोजला की अणू सरासरी किती हलताहेत ते कळतं, आणि हलण्यावरून तापमान काढता येतं. समतोलात असलेल्या स्फटिकासाठी यात काही खोट नाही.

या गणिताला जोड होती ती १९५७ मध्ये कागानोव, लिफशिट्स आणि तानातारोव यांनी मांडलेल्या कल्पनेची. प्रकाश आधी इलेक्ट्रॉनांना तापवतो. जाल, म्हणजे अणूंची चौकट, तेव्हा थंडच असतं. मग इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा जालाला देतात आणि दोन तापमानं एकत्र येतात. दोन तापमानं, दोन समीकरणं, देवाणघेवाण सांगणारा एक स्थिरांक. १९७४ मध्ये अनिसिमोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लेसरच्या पल्सना लावली, आणि तेव्हापासून ती आमच्या शाखेची रोजची भाषा झाली. २००३ मध्ये टोरांटोच्या सिविक, ड्वायर, जॉर्डन आणि मिलर यांनी २० नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनिअमचा पापुद्रा ३.५ पिकोसेकंदांत वितळताना इलेक्ट्रॉनांनी पाहिला. तो निबंध वाचून आमच्या पिढीतले कितीतरी जण या कामाकडे ओढले गेले. मीही त्यातलाच. अणूंची हालचाल थेट दिसते, आणि तिला मोजायला साधं मोजमाप आहे: तापमान. मला याहून जास्त काही हवं होतं असं वाटत नाही.

ठिपक्यांच्या मधली जागा मी तेव्हा पार्श्वभूमी म्हणून वजा करत होतो. तिथं एक फिकट धूसर उजेड असतो, ब्रॅग ठिपक्यांच्या तुलनेत हजारो ते लाखो पट मंद. कंपनामुळे जाल क्षणभर जिथं-तिथं वाकडं असतं, त्या वाकडेपणावर आपटून इलेक्ट्रॉन ठिपक्यांच्या बाहेर फेकले जातात. हा उजेड त्यांचा. तत्त्व मला ठाऊक होतं. त्याचा उपयोग होईल यावर विश्वास नव्हता. एखाद्या बैठकीत हा विषय निघाला की मी विरोधात बोलायचो आणि चार कारणं द्यायचो. सिग्नल इतका मंद की तो गोळा करायला तासन् तास जातील, तेवढ्यात लेसर आणि सॅम्पल दोन्ही सरकतील. स्फटिकातले दोष, वळ्या, ताण हेही तोच धूसर उजेड देतात. जाड पापुद्र्यात एकच इलेक्ट्रॉन दोन-तीनदा आपटतो आणि सगळं मिसळून जातं. चौथं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, त्या उजेडातून कोणतं कंपन किती वाढलं हे काढायला संगणकावर केलेल्या गणनेचा आधार घ्यावा लागतो. मला मोजमाप हवं होतं. गणनेनं सांगितलेलं मोजमाप मला मोजमाप वाटत नसे.

मत हलायला सुरुवात झाली ती ग्राफाइटच्या दोन आकड्यांमुळे. प्रकाश वापरून केलेल्या प्रयोगांत, त्यात काम्फ्राट आणि सहकाऱ्यांचा २००५ मधला बर्लिनचा प्रयोग ठळक, असं निघालं होतं की तापलेले इलेक्ट्रॉन अर्ध्या पिकोसेकंदात आपली नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा काही मोजक्या कंपनांना देऊन टाकतात. इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनात मात्र ब्रॅग ठिपके हळूहळू फिके होत राहतात आणि तो उतार कित्येक पिकोसेकंद चालतो. जुन्या रीतीनं त्या उताराला वक्र बसवला की जो वेळ येतो त्याला आपण इलेक्ट्रॉन आणि जाल यांच्या देवाणघेवाणीचा वेळ म्हणायचो. एकाच पदार्थाचे दोन वेळ, आणि एक दुसऱ्याच्या दहापट. मी बरेच दिवस हा फरक सॅम्पलच्या जाडीवर, लेसरच्या तीव्रतेवर ढकलून पाहिला. तो तिथं बसेना.

मग कागद घेऊन बसलो. एखाद्या कंपनात ठरावीक ऊर्जा भरली तर अणू त्यामुळे किती हलतील? हलण्याचा वर्ग त्या ऊर्जेला वारंवारतेच्या वर्गानं भागल्याइतका येतो. म्हणजे ४ टेराहर्ट्झच्या मंद कंपनात जेवढी ऊर्जा घातली तेवढीच ४० टेराहर्ट्झच्या जलद कंपनात घातली, तर ब्रॅग ठिपक्याला तिचा परिणाम शंभरपट कमी जाणवतो. आणि ग्राफाइटमध्ये इलेक्ट्रॉन ज्या कंपनांना ऊर्जा देतात ती नेमकी ही जलद कंपनं. एक सुमारे ४७ टेराहर्ट्झचं, दुसरं ४० च्या आसपासचं. ठिपके फिके होत नव्हते याचा अर्थ जाल थंड होतं असा नव्हता. ऊर्जा जालात शिरली होती; ती जिथं शिरली होती तिथलं ठिपक्यांना दिसतच नव्हतं. ती पुढे मंद कंपनांत झिरपू लागली तेव्हा ठिपके उतरू लागले, आणि आपण त्या झिरपण्याचा वेळ मोजून त्याला पहिल्या देवाणघेवाणीचं नाव देत होतो.

एखाद्या गावात एकाच घरात अचानक पैसा आला तरी दरडोई उत्पन्न वाढलेलं दिसतं, आणि तो आकडा कोणत्याही घराची हकीगत सांगत नाही. जालाचं तापमान पहिल्या पिकोसेकंदात असंच. त्यात भर म्हणजे, आम्ही ज्या साधनानं ते मोजत होतो त्याला मोठं घर दिसतच नव्हतं.

हे कळल्यावरही धूसर उजेडाबद्दलचं माझं मत लगेच बदललं नाही. ब्रॅग ठिपके अपुरे आहेत एवढंच मी मान्य केलं. पुढचं पाऊल टाकायला लावलं ते २०१८ मध्ये माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातून, ब्रॅडली सिविक यांच्या गटाकडून आलेल्या ग्राफाइटवरच्या कामानं. त्यातले नकाशे मी पडद्यावर मोठे करून बघत बसलो होतो. प्रत्येक ठिपक्याभोवती एक षटकोनी क्षेत्र असतं, ब्रिलुआँ क्षेत्र. त्याच्या सहा कोपऱ्यांना के म्हणतात. पंपनंतरच्या अर्ध्या पिकोसेकंदात या कोपऱ्यांवर उजेड चढलेला होता, तर ठिपक्यांच्या लगतचा भाग, जिथं मंद ध्वनिकंपनं असतात, अजून मागेच होता. पुढे काही पिकोसेकंदांत कोपरे मावळत गेले आणि उजेड आतल्या भागांत पसरला. उजेडाची ही फिरती मांडणी कोणत्याही एका तापमानानं काढता येत नाही. तापमान वाढलं असतं तर मंद कंपनांच्या जागा आधी आणि जास्त उजळल्या असत्या.

कोपरेच का, याचं उत्तर इतकं स्वच्छ आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्राफाइटमध्ये, ग्राफीनसारखेच, प्रकाशानं उठवलेले इलेक्ट्रॉन के आणि त्याच्या जोडीच्या कोपऱ्याजवळच्या दोन अरुंद दऱ्यांत असतात. इलेक्ट्रॉनाला ऊर्जा टाकायची असेल तर दोनच वाटा. त्याच दरीत खाली घसरायचं, म्हणजे संवेगात फारसा बदल नाही. तेव्हा निघणारं कंपन क्षेत्राच्या मध्याशी, गॅमाशी असतं. किंवा एका दरीतून दुसरीत उडी मारायची. तेव्हा संवेगातला फरक के इतका, म्हणून कंपन के कोपऱ्यावरचं. मधल्या सगळ्या कंपनांना इलेक्ट्रॉन हातच लावू शकत नाहीत. या दोन जागी कंपनांची इलेक्ट्रॉनांशी जवळीक विशेष आहे हे पिस्कानेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गणनेनं दाखवलं होतं. इथं ते घडताना दिसत होतं, आणि कोणत्या संवेगाशी ते जागेवरून वाचता येत होतं.

माझ्या चार कारणांपैकी पहिलं इथंच गळालं. के कोपऱ्यावरच्या त्या कंपनाची ऊर्जा १६० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळपास. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा असते २५ च्या आसपास. कंपनाची ऊर्जा ज्या पुडक्यांत येते त्यांना फोनॉन म्हणतात; हिशेब केला तर त्या कंपनात सरासरी ०.००२ फोनॉन असतो, म्हणजे ते जवळजवळ रिकामं. पंपनंतर ते १५०० केल्विनला असावं तितकं भरलं असं धरलं तर हा आकडा ०.४ वर जातो. उजेड या आकड्यात अर्धा मिळवून जे येतं त्याच्या प्रमाणात असतो. तो अर्धा शून्यबिंदू कंपनाचा, कधीच न जाणारा. म्हणजे ०.५ वरून ०.९. या एका कंपनाचा वाटा दुपटीच्या जवळ जातो. शिवाय थराच्या प्रतलातलं कोणतंही मंद कंपन के कोपऱ्यावर नसतंच, सगळ्यात मंदही तिथं ३० टेराहर्ट्झच्या आसपास आहे, त्यामुळे हा बदल दुसऱ्या कशाखाली बुडत नाही. मंद उजेडात मोठा बदल शोधायचा होता. मी मंद उजेडातला मंद बदल गृहीत धरून बसलो होतो.

दुसऱ्या कारणाचं उत्तर शोधताना मी १९४० च्या दशकात गेलो. ही वाट बेंगळुरूतून जाते. चंद्रशेखर व्यंकट रामन आणि त्यांचे सहकारी नीलकंठन यांनी हिऱ्याच्या क्ष-किरण छायाचित्रांत ब्रॅग ठिपक्यांपलीकडच्या जादा खुणा पाहिल्या आणि त्यांचा अर्थ स्वतःच्या पद्धतीनं लावला: क्ष-किरण स्फटिकात ठरावीक वारंवारतेची कंपनं जागवून परततात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी अनेक स्फटिक तपासून उष्णतेमुळे होणाऱ्या प्रकीर्णनाची फॅक्सेन आणि वॉलर यांची मांडणी उचलून धरली. जालाला मोजक्याच वारंवारता असतात हा रामन यांचा सिद्धांत पुढे टिकला नाही. माक्स बोर्न यांची, कंपनांचा अखंड पट्टा मानणारी मांडणी टिकली. पण लॉन्सडेल यांनी जे वेगळं काढून दाखवलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हिऱ्यातल्या काही खुणा सगळ्या हिऱ्यांत असतात आणि तापमानाबरोबर बदलतात, तर काही ठरावीक जातीच्याच हिऱ्यांत असतात आणि तापमानाला दाद देत नाहीत. एकाच दिसणाऱ्या उजेडाचे दोन उगम. त्यांनी ते वेगळे केले स्फटिक गरम-थंड करून. आमच्याकडे त्याहून चांगली सोय आहे. पंपआधीचं चित्र पंपनंतरच्या चित्रातून वजा केलं की दोष, वळ्या, ताण, जे जे एका पिकोसेकंदात बदलत नाही ते बहुतेक सगळं निघून जातं. उरतं ते कंपनांचं.

हे वाचताना एक खंत वाटली तीही लिहितो. कंपनांचा उजेड हा विषय आपल्याकडच्या प्रयोगशाळेत इतक्या हिरिरीनं अभ्यासला गेला होता, आणि मी एमएस्सीला स्फटिकशास्त्र शिकलो तेव्हा तो अभ्यासक्रमात एका ओळीपुरताही नव्हता.

चौथ्या कारणावर, म्हणजे गणनेच्या आधारावर, मी सगळ्यात जास्त अडून होतो. पुणे विद्यापीठात माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र आता कंपनांच्या गणना करतो. एकदा फोनवर मी त्याला माझं नेहमीचं म्हणणं ऐकवलं.

‘अरे, तू ठिपक्याच्या फिकेपणावरून तापमान काढतोस ते काय आहे?’ त्यानं विचारलं. ‘तीही गणनाच ना? त्यात एक गृहीत आहे की सगळी कंपनं एकाच तापमानाला आहेत. माझी गणना निदान ते गृहीत धरत नाही.’

‘पण तुझ्या गणनेत दहा गोष्टी आहेत, माझ्यात एक.’

‘दहाही तपासता येतात. तुझी एक तू कधी तपासलीस?’

याला मला उत्तर सुचलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. फोनॉनांच्या गणना ग्राफाइटसारख्या पदार्थात क्ष-किरणांनी समतोलात मोजलेल्या वारंवारतांशी जुळतात का हे स्वतंत्रपणे बघता येतं, आणि बघितलंही गेलं आहे. ‘सगळं एका तापमानाला’ हे गृहीत मात्र, ज्या प्रयोगात ते वापरायचं त्याच प्रयोगात तपासता येत नाही. ते तपासायला धूसर उजेडच लागतो.

त्यानंतर बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतून राल्फ अर्नस्टॉर्फर यांच्या गटाचं २०१६ मधलं काम पुन्हा काढून वाचलं. आधी मी ते चाळून बाजूला ठेवलं होतं. त्यात पदार्थ ॲल्युमिनिअमच होता, ज्याच्या वितळण्यानं आम्हाला या क्षेत्रात आणलं तोच. धातूंमधला सगळ्यात साधा. तिथंही दोन तापमानांची मांडणी पुरत नाही, कंपनांच्या वेगवेगळ्या शाखांना वेगवेगळा वाटा मिळतो आणि तो हिशेबात घेतला नाही तर देवाणघेवाणीचा स्थिरांक चुकतो, असं त्यांनी दाखवलं. थरांच्या स्फटिकांत हे होणार हे मी तोवर मानलं होतं. धातूंसाठी जुनी मांडणी मी राखून ठेवली होती. तो कोपराही गेला.

ब्लॅक फॉस्फरसनं उरलेलं काम केलं. त्याच्या थरातले अणू सपाट नसतात, चुणीदार असतात, त्यामुळे थरातल्याच दोन दिशा एकमेकींहून भिन्न: एकीला आर्मचेअर म्हणतात, दुसरीला झिगझॅग. अर्नस्टॉर्फर यांच्याच गटातून हेलेने झायलर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की पंपनंतर त्यात भरणारी कंपनं दिशेप्रमाणे ठळकपणे असमान असतात आणि ती असमानता कित्येक पिकोसेकंद टिकते. इथं एकच तापमान सांगायचं तर कोणत्या दिशेचं सांगायचं? दोन सांगून भागेल असंही नाही. पुढे एकाच थराच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्येही, तीन अणूंच्या जाडीत, ही मोजणी मॅकगिलमध्ये जमली. जाडीमुळे होणाऱ्या वारंवार प्रकीर्णनाचं माझं तिसरं कारण निदान अशा सॅम्पलसाठी तरी उरलं नाही.

या सगळ्याचा व्यवहारात उपयोग काय, असं विचारलं जातं आणि विचारावंच. कार्बन नॅनोट्यूबमधून व्होल्टेज वाढवत नेलं तरी प्रवाह २५ मायक्रोअँपिअरच्या आसपास अडकतो, हे २००० मध्येच मोजलं गेलं होतं. कारण वेगात आलेले इलेक्ट्रॉन ही जलद कंपनं सोडत राहतात आणि त्यातच त्यांचा वेग जातो. वर ती कंपनं तुंबून राहिली की अडथळा आणखी वाढतो. ग्राफीनच्या तंत्रातही हाच पेच आहे. उपकरण ‘किती तापलं’ हे विचारून इथं मार्ग निघत नाही. कोणतं कंपन भरलं, ते कुणात रिकामं होतं आणि त्याला किती वेळ लागतो, हे कळलं तर पदार्थ बदलून, आधार देणारा थर बदलून काही करता येईल.

माझ्याजवळ जे उरलं आहे तेही सांगायला हवं, नाहीतर हे मनोगत अर्धंच राहील. धूसर उजेड संवेग सांगतो, ऊर्जा सांगत नाही. डिटेक्टरच्या एका बिंदूवर त्या संवेगाच्या सगळ्या शाखांचा उजेड एकत्र येतो. कॅनडातल्याच चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी न्यूट्रॉन वापरून कंपनांचा संवेग आणि ऊर्जा दोन्ही एकत्र मोजायची पद्धत उभी केली, त्यासाठी १९९४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या मोजणीत शाखा आपोआप सुट्या होतात. आम्ही वेळ मिळवला आणि ऊर्जा गमावली, आणि सुटं करायला गणनेकडे जातो. ही उणीव आहे. मित्राच्या फोननं ती भरून निघाली नाही, ती कुठे आहे एवढं मला स्वच्छ दिसलं. ज्या निबंधात गणना आणि मोजमाप यांच्यात कुठं हात लावून जुळवणी केली ते लिहिलेलं नसतं, तो मी आजही परत पाठवतो.

दुसरी उणीव मला जास्त बोचते. इलेक्ट्रॉन थरांना लंब दिशेनं येतात. त्यांना धक्का बसतो तो थराच्या प्रतलात. म्हणून अणू प्रतलात हलले तरच उजेडात भर पडते. थर वरखाली लवतात ती कंपनं, ग्राफाइटमधली सगळ्यात मऊ, या मांडणीत जवळजवळ अदृश्य आहेत. ऊर्जेचा मोठा भाग शेवटी त्यांच्याकडे जात असणार, कारण खोलीच्या तापमानाला सगळ्यात जास्त भरलेली कंपनं तीच. म्हणजे आम्ही ऊर्जा कुठून निघाली ते छान दाखवतो, मधला टप्पा दाखवतो, आणि ती जिथं मुक्कामाला जाते तिथं आमचा नकाशा कोरा असतो. पूर्वी ब्रॅग ठिपक्यांना जलद कंपनं दिसत नाहीत हे कळायला मला उशीर लागला. आता हे दुसरं न दिसणं माझ्या प्रत्येक निबंधाच्या पहिल्याच भागात लिहिलेलं असतं.

त्यावर उपाय आहे, सॅम्पल तिरकं करायचं. तिरकं केलं की संवेगाचा एक घटक थराला लंब येतो आणि लवणारी कंपनं उजेडात उतरतात. पण मग इलेक्ट्रॉनांना पापुद्र्यातून जास्त जाडी पार करावी लागते, वारंवार प्रकीर्णन वाढतं, सहाही कोपरे सारखे राहत नाहीत, त्यामुळे त्यांची सरासरी घेऊन सिग्नल उचलायची सोय जाते. लेसरचा डागही सॅम्पलवर लांबट पडतो आणि दोन टोकांना वेळ किंचित वेगळा होतो. आमच्याकडे सध्या हेच चालू आहे. पातळ पापुद्रे, छोटा कोन, आणि प्रत्येक कोनाला आधी समतोलातलं चित्र घेऊन त्याच्याशी गणना ताडून पाहणं. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्यानं त्या आकड्यांचा तक्ता करून पाठवला. त्याच्या शेवटच्या स्तंभाचं शीर्षक होतं ‘जालाचं तापमान’. मी तो स्तंभ काढायला सांगितला आणि त्या जागी तीन स्तंभ घालायला सांगितले: के कोपरा, ध्वनिकंपनं, लवणारी कंपनं. तिसरा स्तंभ अजून बहुतेक रिकामा आहे.